गुरूचा पाऊस आणि आमचा

फलटणास श्रीरामाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस निघतो. सन २०२४ मध्यें ही तिथि २ डिसेंबरला आली होती आणि त्यानंतर पांचच दिवसांनीं, ७ डिसेंबरला, गुरु हा ग्रह सूर्याच्या बरोबर समोर आला. सूर्यानें पश्चिमेस मावळावें आणि गुरूनें पूर्वेस उगवावें, असा योग सुमारें तेरा महिन्यांनीं एकदां येतो. त्या वेळीं तो पृथ्वीस सर्वांत जवळ आणि दिसण्यांत सर्वांत तेजस्वी असतो. जवळ म्हणजे किती, तर त्या रात्रीं सुमारें एकसष्ट कोटि किलोमीटर. त्याच्यापासून निघालेला प्रकाश आमच्या गच्चीवर पोहोंचावयास चौतीस मिनिटें लागत होतीं.

रथासाठीं आमच्या आत्या डोंगराकडच्या आपल्या गांवाहून आल्या होत्या, त्या आणखी आठवडाभर राहिल्या. वय ऐंशीच्या पुढें, मोतीबिंदु काढलेला, दृष्टि उत्तम. माझ्याजवळ एक लहानशी दुर्बीण आहे. मुलांसाठीं म्हणून घेतलेली आणि मुलांपेक्षां मीच अधिक वापरलेली. गुरु त्या दिवसांत वृषभ राशींत, रोहिणीच्या जवळ होता. आत्यांना खुर्चीवर बसवून मीं दुर्बीण लावून दिली. पुष्कळ वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अरे, याला तर लुगड्यासारखे काठ आहेत! आणि बाजूला एका ओळींत हे बारीक ठिपके कसले?"

ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र. गॅलिलिओनें त्यांपैकीं चार मोठे चंद्र १६१० च्या जानेवारींत प्रथम पाहिले. काठ म्हणजे ढगांचे पट्टे. हें मीं सांगतांच त्यांनीं दुर्बिणीवरून डोळा न काढतां विचारलें, "एवढे ढग? मग तिथला पाऊस कोणाच्या शेतांत पडतो रे?"

हा प्रश्न विनोदाचा नव्हता. फलटण तालुक्याचा उत्तरेकडील भाग नीरेच्या उजव्या कालव्यानें भिजतो; परंतु दक्षिणेस शंभुमहादेवाच्या डोंगराच्या पायथ्याकडे पुष्कळ ठिकाणीं आभाळाकडे पाहण्यावांचून दुसरा उपाय नसतो. आत्यांची जमीन त्या बाजूची, जिरायत. ढग येतात, काळे होतात आणि तसेच पुढें निघून जातात, हें त्यांनीं साठ वर्षें पाहिलेलें. तेव्हां ढग म्हटल्याबरोबर त्यांस जें सुचलें, तें माझ्या पुस्तकांत कोठें आढळलें नव्हतें. त्या रात्रीं मीं कांहींतरी अर्धवट उत्तर दिलें. पुढें वाचून आणि विचार करून जें नीट सांगतां आलें, तें येथें मांडीत आहें.

हा ग्रह आहे केवढा आणि किती दूर, हें आधीं मनांत ठसलें पाहिजे. कोटींचे आंकडे वाचून कोणाच्याहि मनांत कांहीं उभें राहत नाहीं. त्यापेक्षां आषाढांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी ज्या वाटेनें पुण्याहून फलटणास येते, ती वाट डोळ्यांपुढें आणावी. सूर्य फलटणास, श्रीरामाच्या देवळाशीं आहे असें धरूं. मग आपली पृथ्वी एक मुक्काम अलीकडे, सुमारें एकवीस किलोमीटरांवर, तरडगांवास येते, आणि गुरु थेट पुण्यास जातो. लोणंद, वाल्हें, जेजुरी, सासवड हे सगळे मुक्काम मधल्या रिकाम्या अवकाशांत पडतात. याच मापानें पृथ्वी म्हणजे माणसाच्या उंचीचा एक गोळा होईल, गुरु सहा मजली घराएवढा आणि सूर्य जवळजवळ दोनशें मीटर उंच. गुरूच्या पोटांत पृथ्वीसारखे तेराशें गोळे मावतील. परंतु वजन करूं गेल्यास तो तीनशें अठरा पृथ्वींएवढाच भरतो. म्हणजे तो दगडमातीचा नव्हे. हैड्रोजन आणि हेलियम हे जे दोन सर्वांत हलके वायु, त्यांचाच तो बहुतांशीं झालेला आहे. घडण पाहतां त्याचें नातें पृथ्वीपेक्षां सूर्याशीं अधिक.

पुण्याइतक्या अंतरावर बसलेल्यास फलटणची शेगडी किती ऊब देणार? आपणांस सूर्यापासून जी उष्णता मिळते तिचा सत्ताविसावा भाग गुरूस मिळतो. त्याच्या ढगांच्या माथ्यावर शून्याखालीं शंभर अंशांहून अधिक थंडी असते. दिवस दहा तासांचाहि नाहीं. एवढें मोठें धूड नऊ तास पंचावन्न मिनिटांत स्वतःभोंवतीं फिरतें, आणि त्या वेगामुळेंच ढगांचे ते काठ ताणले गेले आहेत. वर्ष मात्र आपल्या जवळजवळ बारा वर्षांचें. आपल्याकडे सिंहस्थ आणि कन्यागत हीं पर्वें बारा वर्षांनीं येतात त्याचें मूळ येथें आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्यें गुरूनें कन्या राशींत प्रवेश केला, तेव्हां आत्या कृष्णेच्या स्नानासाठीं वाईस जाऊन आल्या होत्या. त्याच्या महिनाभर आधीं, आपल्याकडील घड्याळाप्रमाणें ५ जुलैला, अमेरिकेचें जूनो हें यान गुरूपाशीं पोहोंचून त्याच्याभोंवतीं फिरूं लागलें होतें. दोन्ही यात्रा एकाच दैवताच्या, असें आत्यांस सांगितलें तेव्हां त्यांना तें मनापासून पटलें.

आणखी एक गोष्ट. पृथ्वीचा आंस साडेतेवीस अंशांच्या सुमारास कललेला आहे, म्हणून आपणांस ऋतु आहेत. गुरूचा आंस तीन अंशच कललेला. तेथें उन्हाळा नाहीं, पावसाळा नाहीं, मृगाची वाट पाहणें नाहीं. हवा आज जशी, तशीच सहा वर्षांनीं.

आतां पावसाकडे वळूं. गुरूच्या हवेंत प्रत्यक्ष उतरून पाहिलेली वस्तु मनुष्यानें आजवर एकच पाठविली आहे. गॅलिलिओ या यानापासून सुटलेली ती शोधकुपी गुरूच्या ढगांत शिरली तो दिवस ७ डिसेंबर १९९५. आमच्या गच्चीवरील रात्रीच्या बरोबर एकोणतीस वर्षें आधीं. सेकंदास सत्तेचाळीस किलोमीटर या वेगानें ती आंत गेली, हवेनेंच तिचा वेग मोडला, मग छत्री उघडली आणि ती खालीं खालीं जात राहिली. सुमारें अठ्ठावन्न मिनिटें तिनें निरोप पाठविले. तेवढ्यांत ती दीडशें किलोमीटर उतरली. हवेचा दाब आपल्या हवेच्या बावीस-तेवीसपट झाला, उष्णता उकळत्या पाण्याच्याहि वर, दीडशें अंशांपर्यंत गेली, आणि मग तिची वाचा बंद पडली. त्या सगळ्या प्रवासांत तिला तळ लागला नाहीं. लागणारहि नव्हता.

तिच्या निरोपांत शास्त्रज्ञांस चकित करणारी गोष्ट ही, कीं पाणी फारच थोडें सांपडलें. पाण्याचे दाट ढग भेटतील अशी अपेक्षा होती. कुपी गेली ती कोरड्या हवेंतून. कित्येक वर्षें त्यावर खल झाला. अखेर उलगडा असा, कीं कुपी नेमकी गुरूवरच्या एका कोरड्या पट्ट्यांत पडली होती. अशा ठिकाणीं वरची हवा खालीं उतरत असते, आणि उतरणारी हवा तापते व कोरडी होते. जूनोनें पुढें विषुववृत्ताजवळच्या हवेचा खोलवर शोध घेतला, तेव्हां तेथें दर चारशें रेणूंमागें एक रेणु पाण्याचा आहे असें २०२० मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे पाणी होतें. कुपी चुकीच्या गांवीं उतरली होती.

ही चूक फलटणच्या माणसास समजावून सांगावी लागत नाहीं. एखादा परका मनुष्य सातारा जिल्ह्याचा पाऊस मोजावयास आला आणि आमच्याकडे उतरला तर तो काय लिहून नेईल? महाबळेश्वर आणि फलटण जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेंत दोहोंमध्यें सुमारें ऐंशी किलोमीटर अंतर. तेथें वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, येथें पांचशेंच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीवर चढतांना थंड होते आणि आपलें पाणी तेथेंच ओतून रिकामी होते. इकडे उतरते ती तापत, कोरडी होत. गुरूवर सह्याद्रि नाहीं. तेथें हवा वर-खालीं होते ती वातावरणांतील प्रचंड लाटांमुळें, असें मानतात. लाट पुढें सरकली कीं कोरडा पट्टाहि सरकतो. आत्यांचें गांव मात्र जेथल्या तेथेंच आहे.

मग गुरूवर पाऊस पडतो काय? पडतो; पण तो कोठें पोहोंचत नाहीं. वरचे पांढरे ढग अमोनियाचे, म्हणजे ज्याच्या वासानें नाक झोंबतें त्या वायूचे. त्यांच्या खालीं गंधकाच्या संयुगांचे आणि त्याहूनहि खालीं पाण्याचे ढग. त्यांत विजा चमकतात. व्हॉयेजर यानानें त्या १९७९ मध्यें पाहिल्या. पाणी आणि अमोनिया मिळून तयार झालेल्या बिलबिलीत गाराहि पडत असाव्यात, असें जूनोच्या निरीक्षणांवरून अनुमान आहे. परंतु थेंब असो वा गार, ती जसजशी खालीं जाते तसतशी हवा अधिक तापत जाते, आणि वाटेंतच तिची वाफ होऊन ती परत वर चढते. वैशाखांत आमच्याकडे असा देखावा कधींकधीं दिसतो. दूर डोंगरावर ढगाखालीं पावसाच्या धारा लोंबत असतात आणि जमिनीच्या पुष्कळ वर त्या विरून जातात; मातीला वास म्हणून येत नाहीं. गुरूवरचा सारा पाऊस त्याच जातीचा. फरक एवढाच, कीं आमच्याकडे खालीं निदान माती असते.

तेथें ती नाहींच. ढगांच्या खालीं वायु, त्याखालीं दाटलेला वायु, आणखी खालीं दाबानें पातळ धातूसारखा झालेला हैड्रोजन. आणि हें सर्व एकांतून एक इतक्या हळूहळू बदलत जातें, कीं येथें हवा संपली आणि येथें समुद्र लागला, असें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. अगदीं गाभ्यांत दगड व धातु यांसारखीं जड द्रव्यें आहेत, पण तींहि हैड्रोजनांत मिसळून पसरलेलीं आहेत असें जूनोनें केलेल्या मापनांवरून दिसतें. गुरूवर आपलें वजन अडीचपट भरेल, असें शाळेच्या पुस्तकांत लिहितात. खरें आहे, पण तराजू कशावर ठेवणार, तें पुस्तक सांगत नाहीं. आत्यांनीं मात्र लगेच विचारलें, "मग नांगर धरायचा कशांत?"

जमीन नसल्याचा परिणाम पिकावर होतो हें कोणीहि सांगेल. वाऱ्यावर काय परिणाम होतो, तें अधिक विचार करण्याजोगें आहे, आणि मला या सगळ्या अभ्यासांत त्याचेंच फार नवल वाटलें. गुरूच्या अंगावर तांबूस रंगाचा एक प्रचंड लांबट डाग आहे. आमच्या दुर्बिणींतून तो दिसला असें म्हणण्याचें धैर्य मला नाहीं. मोठ्या दुर्बिणींतून स्वच्छ दिसतो. तो डाग म्हणजे एक वादळ. १८३१ पासून त्याच्या नोंदी सांपडतात. म्हणजे पेशवाई बुडाल्याला तेरा वर्षें होत होतीं तेव्हांपासून तें अखंड फिरत आहे. त्याच्या कांठचे वारे ताशीं चारशें किलोमीटरांहून अधिक वेगानें वाहतात. एकोणिसाव्या शतकांत त्याची लांबी चाळीस हजार किलोमीटरांच्या घरांत होती. आतां तो आटत आटत पृथ्वीच्या व्यासाहून थोडा मोठा एवढाच उरला आहे. पण विझलेला नाहीं.

आपल्याकडील वादळाचें आयुष्य किती? ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. ताशीं शंभर-एकशेंवीस किलोमीटरांचे वारे. कोंकणांतल्या नारळी-पोफळीच्या बागा ज्यांनीं त्यानंतर पाहिल्या, त्यांना त्याचें वर्णन करून सांगावयास नको. पिढ्यांचीं झाडें एका दुपारींत आडवीं झालीं. पण तें वादळ जमिनीवर चढलें आणि त्याच रात्रीं त्याचा जोर ओसरूं लागला. दुसऱ्या दिवशीं त्याला चक्रीवादळ म्हणण्याचें कारण उरलें नाहीं. असें कां होतें? चक्रीवादळ जगतें तें समुद्राच्या ऊन पाण्यापासून उठणाऱ्या वाफेवर. जमीन लागली कीं ही शिदोरी तुटते. शिवाय टेंकड्या, झाडें, घरें, डोंगर यांवर घांसून वारा मंदावतो.

गुरूवर ही घांसणारी जमीन कोठेंच नाहीं. शिदोरीहि तुटत नाहीं, कारण ती वरून येत नाहीं, खालून येते. गुरूस सूर्यापासून जेवढी उष्णता मिळते, तिच्या जवळजवळ दुप्पट तो स्वतः बाहेर टाकतो. जन्मवेळची ऊब अजून त्याच्या पोटांत शिल्लक आहे, ती हळूहळू वर येते. शोधकुपी खालीं जात होती तेव्हां वारा मंद होईल अशी कित्येकांची कल्पना होती. तो वाढला आणि ताशीं सातशें किलोमीटरांच्या सुमारास जाऊन तसाच राहिला. जूनोवरून आतां असें ठरलें आहे, कीं गुरूचे पट्टेदार वारे सुमारें तीन हजार किलोमीटर खोलवर वाहतात. आपल्या वाऱ्यांची सारी घडामोड दहा-पंधरा किलोमीटरांत आटोपते.

तुलना तंतोतंत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आपलें चक्रीवादळ कमी दाबाचें असतें, तांबडा डाग जास्त दाबाचा. तो परस्परविरुद्ध वाहणाऱ्या दोन वाऱ्यांच्या मध्यें भोंवऱ्यासारखा अडकलेला आहे आणि लहानसहान वादळें गिळून पुष्ट होतो. तरीपण त्यास थांबविणारें खालीं कोणी नाहीं, ही गोष्ट राहतेच.

सह्याद्रीविषयीं आमच्या बाजूस जुनी तक्रार आहे. त्यानें आमच्या तोंडचा पाऊस काढून घेतला, असें माझे वडील म्हणत आणि मीहि म्हणत आलों. तक्रार खोटी नाहीं. ज्या वर्षीं ज्वारी पोटऱ्यांत येण्याआधींच वाळते, त्या वर्षीं ज्योतिषाचे दाखले देऊन कोणाचें समाधान होत नाहीं, आणि होऊंहि नये. पण गुरूचें हें वाचल्यापासून मला त्या डोंगराकडे पाहतांना दोन गोष्टी एकदम आठवतात. जी उंच, खडबडीत, जागची न हलणारी जमीन आमचा पाऊस अडवते, तीच जमीन वादळासहि अडवते. आणि तिकडे पडलेला पाऊस वाफ होऊन नाहींसा होत नाहीं. तो खडकावर पडतो, उतारानें वाहतो, भाटघर आणि वीर येथील धरणांत साठतो, आणि नीरेच्या कालव्यानें, उशिरां कां होईना, फलटणच्या शिवारांत येतो. सगळ्या शिवारांत नाहीं. कालव्याची रेघ जेथें थांबते तेथून पुढें आत्यांचें गांव लागतें; हें दुःख डोंगराचें नसून माणसांनीं पाणी कसें वांटावें याचें आहे, आणि त्याचा विचार करावयास गुरूपर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

गुरूच्या चंद्रांची गोष्ट निराळी. त्यांना पाय टेंकण्याजोगा पृष्ठभाग आहे. युरोपा नांवाचा जो चंद्र, त्याच्या बर्फाच्या कवचाखालीं खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा, अशी भक्कम प्रमाणें आहेत, आणि तो तपासण्यासाठीं १४ ऑक्टोबर २०२४ रोजीं एक यान निघालें आहे. आत्या ज्या ठिपक्यांविषयीं विचारीत होत्या त्यांतलाच तो एक. परंतु तो विषय मोठा आहे; पुन्हां केव्हां तरी.

हें सारें मीं त्यांना पुढें दोन-तीन संध्याकाळीं सांगितलें. पाऊस पडतो पण पोहोंचत नाहीं, हें ऐकून त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्यापेक्षां त्यांचें वाईट." तेथें 'ते' कोणी नाहींत, हें सांगावेंसें मला वाटलें नाहीं.

गुरु पुन्हां कन्येस यावयाचा तो २०२८ सालीं. वाईस जाण्याचा बेत आत्यांनीं आतांच ठरवून टाकला आहे. येतांना दुर्बीणहि घेऊन ये, असें त्यांनीं मला बजावलें आहे. त्या दिवसांत वाईवर पावसाळी आभाळ असणार आणि गुरुहि सूर्यामागोमाग लवकरच मावळणार, हें मीं त्यांस अद्याप सांगितलेलें नाहीं.